होडीमागची बुर्गी

आमच्या गावच्या सरोवरावरच्या ऑपेरा महोत्सवाला यंदा पन्नास उन्हाळे पूर्ण होतील. त्यानिमित्त एक पुस्तिका निघते आहे. महोत्सवाच्या कचेरीतल्या बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फेर्डिनांडकाका, तुम्ही इतकी वर्षं तिथं होतात. एखाद्या माणसाबद्दल दोन पानं लिहून द्या ना."

मी नाहीच म्हणणार होतो. सरोवरातल्या बोरूच्या उंच गवतानं छपरं शाकारण्यात माझा जन्म गेला. कागदाशी संबंध आला तो छपराची मापं टिपण्यापुरता. पण मग त्यांनी जुने फोटो टेबलावर मांडले. दर उन्हाळ्याचा एक, सरोवरातून येणाऱ्या होडीचा. होडीत कधी राणी उभी, कधी राजकुमार, एकदा तर चेटकीण. बत्तीस फोटोंमध्ये होडीच्या मागे बुर्गी आहे आणि बत्तिसांतल्या एकाही फोटोत ती दिसत नाही. म्हणून लिहायला बसलो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तिचं पूर्ण नाव नोटबुर्गा हाल्बाउअर. गावात सगळे बुर्गी म्हणतात, लहान मुलं बुर्गीमावशी. तिचे वडील बोरू कापायचे, तीही कापायची. उंचीला माझ्यापेक्षा वीतभर जास्त, खांदे दाराएवढे, आणि आवाज असा, की ती साधं बोलली तरी शेजारच्या अंगणातली कोंबडी मान वर करायची.

आमचं सरोवर भलंमोठं आहे, पण उथळ. कुठंही उभं राहा, बहुतेक जागी पाणी कमरेच्या वर जात नाही. खाली चिखल. रंगमंच काठापासून थोडा आत, खांबांवर उभा आहे, आणि लोक काठावर बसतात. ऑपेरा कुठलाही असो, पहिल्या अंकाच्या शेवटी, सूर्य मावळत असताना, समोरच्या छोट्या बेटाआडून कुणीतरी होडीनं येतंच. ही आमची रीत. एकदा गोष्ट वाळवंटातली होती, तरी नायिका होडीनंच आली, आणि एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही.

पहिली तीन वर्षं होडी वल्हवत आणायचे. वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज ध्वनिक्षेपकातून सगळ्या काठावर ऐकू जायचा. इंजिन लावायची सोय नव्हती, त्याचा आवाज तर विचारूच नका. चौथ्या वर्षी बुर्गी नेपथ्यासाठी बोरूच्या पेंढ्या घेऊन आली होती. तेव्हाचे संचालक डोक्याला हात लावून बसलेले तिनं पाहिले.

"झालं तरी काय?" तिनं विचारलं.

"होडी आवाज न करता यायला हवी, बाई."

"मग ढकलते की मी."

आणि छातीपर्यंतची रबरी विजार घालून ती पाण्यात उतरली. होडीच्या मागच्या टोकाला बोरूचा एक झुपका बांधला, त्याच्याआड वाकून राहिली आणि होडी ढकलत रंगमंचाच्या धक्क्यापर्यंत आणली. आवाज शून्य. पाण्यात पाय उचलायचा नसतो, सरकवायचा असतो. हे बोरू कापणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

पण तिचं खरं काम ढकलण्याचं नव्हतंच. सुरुवातीला गायक कुरकुरायचे. मध्येच हिसका बसतो, सूर हलतो, म्हणायचे. पुढच्या वर्षी एक गायिका होडीतून उतरल्यावर पुन्हा मागे वळली आणि तिनं पाण्याकडं वाकून विचारलं, "आज होडी माझ्याबरोबर कशी काय चालली?"

बुर्गी म्हणाली, "तुम्ही श्वास घेता तेव्हा ढकलते. तुम्ही गात असताना मी कशाला मध्ये पडू?"

तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती. ती बघायची गायिकेच्या पाठीकडं. झग्याच्या पाठीवर नाडी ओवलेली असते. श्वास आत गेला की ती नाडी ताणली जाते. नाडी ताणली की ढकल, सैल झाली की थांब. मग तिनं शिंप्याला जाऊन बजावलंच, की होडीत बसणाऱ्यांच्या झग्याला पाठीत नाडीच हवी, चेन चालणार नाही. शिंपी म्हणाला, "आता होडीवाल्या बाया आम्हाला शिवण शिकवणार!" पण नाडी लावली.

मला तिथं कसं घेतलं, तेही सांगायला हवं. तिच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मला गर्दीतल्या कोळ्यांमध्ये उभं केलं होतं. पहिल्याच तालमीला माझे हातपाय गोठले. बाकीचे चाळीस कोळी राणीपुढं गुडघ्यावर बसले आणि मी एकटा खांबासारखा उभा. "ह्याला घरी पाठवा," कुणीतरी ओरडलं. मी निघालोच होतो. तेवढ्यात बुर्गी अंगावरून पाणी निथळत वर आली आणि म्हणाली, "पाठवू नका. धक्क्यावर दोर धरायला मला अजिबात न हलणारा माणूस हवाय. असा दुसरा मिळायचा नाही."

लोक हसले. पण मी राहिलो. तेव्हापासून होडी धक्क्याला लागली की बुर्गी बोरूच्या आडून दोराचं टोक वर करायची आणि मी ते खुंट्याला बांधायचो. एवढंच माझं काम. मात्र दोर देताना ती रोज काहीतरी पुटपुटायची. "पहिल्या रांगेतला टकल्या डास मोजतोय, सत्तावीसपर्यंत आलाय." किंवा, "आज राणीनं लसूण खाल्लाय, मागे मी जिवंत आहे हे नशीब." आणि मला दोन हजार माणसांसमोर चेहरा गंभीर ठेवावा लागायचा. सव्वीस उन्हाळे मी असा तोंड आवळून उभा राहिलो. घरी जाताना सायकलवर हसायचो.

मग तो कोरडा उन्हाळा आला. दोन वर्षं पाऊस नीट पडला नव्हता. सरोवर काठापासून मागं मागं सरकत गेलं. बगळे चालत फिरत होते तिथं पूर्वी पोरं पोहायची. तेव्हाचे संचालक क्रोनाव्हेटर यांना येऊन तीनच वर्षं झाली होती. माणूस सभ्य, पण काळजीखोर. त्यांनी बुर्गीला बोलावलं.

"हाल्बाउअरबाई, यंदा होडी नको म्हणतो मी. राणी बाजूनं गाडीतून येईल. चाकांची गाडी, वर हंस लावू."

"राणी बेटावरून येते ना?"

"हो."

"मग बेटावरून गाडी कशी येईल, डायरेक्टरसाहेब? पुलाचं कंत्राट कुणाला दिलंत?"

ते हसले, पण हट्ट सोडला नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही स्वतः पाणी मोजा. होडी जाते असं तुम्ही म्हणालात तर मी मानेन. तुमच्या शब्दावर."

बुर्गी पाणी मोजायची ते अंगानं. पाणी कमरपट्ट्याच्या बकलापर्यंत आलं की होडी जाते, हे तिचं माप. त्या दिवशीही ती बेटापासून धक्क्यापर्यंत चालत आली. मी धक्क्यावर होतो. पाणी अगदी बकलापर्यंत होतं. "जाते!" ती ओरडली. मग ती वर चढली, आणि मला तिची विजार दिसली. चिखलाचा काळा पट्टा गुडघ्याच्याही वर होता. एरवी तो घोट्याशी असायचा.

म्हणजे ती चिखलात गुडघाभर रुतली होती, म्हणून पाणी बकलापर्यंत आलं होतं. होडी काही रुतत नाही. होडीला पाणी कमी पडणार, हे मला त्या क्षणी कळलं. आणि मी बोललो नाही. बुर्गीला चिखल शिकवणारा मी कोण, असं वाटलं. खरं तर मला बोलायला जमलं नाही, एवढंच.

शेवटची रंगीत तालीम आमच्याकडं गावासाठी फुकट असते. सगळं गाव काठावर, डब्यात भाजलेली मासळी, हातात सोडा घातलेली वाइन. सूर्य खाली आला. बेटाच्या आडून हंसाच्या आकाराची होडी निघाली. तीत इल्दिको वार्नाई उभी होती, सरोवराच्या पलीकडच्या हंगेरीची, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. ती गायला लागली. आणि धक्क्यापासून तीस पावलांवर होडी खचकन थांबली. इल्दिको धप्पकन खाली बसली. वाद्यवृंद थांबला.

क्षणभर बेडकांशिवाय कुणाचाच आवाज नव्हता. मग काठावरून कुणीतरी ओरडलं, "बुर्गी, घोडा जुंपायचा का?"

सगळा काठ हसला. बुर्गी ढकलत होती. बोरूचा झुपका थरथरत होता, होडी हलत नव्हती. इल्दिकोनं मग झगा गुडघ्यापर्यंत गोळा केला, पाण्यात उतरली आणि चालत धक्क्यावर आली. वर येताना माझ्याकडं बघून म्हणाली, "दोर राहू दे, भाऊ. मला बांधायची गरज नाही."

क्रोनाव्हेटर एवढंच म्हणाले, "उद्यापासून गाडी." पहिल्या प्रयोगाला तीन दिवस राहिले होते. बुर्गी बोरूच्या बनातून घरी निघून गेली. विजार तिनं धक्क्याच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. इतक्या वर्षांत ती विजार तिनं कधी तिथं ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या अंगणात गेलो. ती जर्दाळू फोडून बिया काढत बसली होती.

"घोडा आणलास का?" तिनं वर न बघता विचारलं.

"बुर्गी, मला दिसलं होतं. त्या दिवशी. चिखल तुझ्या गुडघ्यावर होता."

तिचा हात थांबला. "मग तोंडात काय होतं तुझ्या? बोळा?"

"मला वाटलं, तुला कळलं असेल."

"दगडा रे दगडा." तिनं हातातली बी टोपलीत टाकली. मग एक पाय पुढं करून म्हणाली, "ह्यात काही कळत नाही आता. दोन हिवाळे झाले. गुडघ्यापासून खाली बधिर. पायात सपाता आहेत की नाहीत ते वाकून बघावं लागतं. चिखल घोट्यापर्यंत आहे असंच धरून चालले मी. नेहमी तेवढाच असतो म्हणून."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, घरी बसा. त्यांना काय, ते घरीच बसलेले असतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला मी शब्द दिला होता, फेर्डल. माझ्या शब्दावर त्यानं होडी ठेवली. संपलं आता. ह्या पायांनी जाऊ नये."

मी इकडंतिकडं बघत राहिलो. बोलायचं टाळायला मी नेहमी हेच करतो. तिच्या पडवीत तिच्या वडलांची जुनी होडी होती, बोरू वाहायची, परातीसारखी सपाट बुडाची. तीत तिनं कांदे वाळत घातले होते.

"ही किती पाण्यात तरंगते गं?" मी विचारलं.

"चार बोटं. भरलेली असली तर वीतभर." बुर्गीनं मान वर केली. मी काय विचारतोय ते तिच्या लक्षात आलं. "इल्दिको उभी राहिली तर दीड वीत," ती म्हणाली. "पण ते होडीचं झालं. पायांचं काय?"

"माझे घे."

"काय?"

"पाय. मी तुझ्या शेजारी चालतो. कुठं घट्ट, कुठं रुततं, ते मी सांगतो. ढकलायचं केव्हा ते तू सांग. मला गाण्यातलं काही कळत नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आणि दोर कोण धरणार?"

ह्याचा मी विचार केला नव्हता.

"ते राहू दे," ती म्हणाली. "आधी साहेबाला विचार. मी नाही जायची. मी दिलेला शब्द चिखलात गेलाय. तूच जा आणि तूच बोल."

सायकलवरून जाताना मी वाक्य पाठ करत गेलो. रंगमंचावर गाडीची तालीम चालली होती. चाकं करकरत होती, आणि सुतार वेन्झेल त्यांना तेल पाजत होता. इल्दिको एका पेटीवर बसून पाव खात होती. क्रोनाव्हेटर माझ्याकडं वळले तेव्हा पाठ केलेलं सगळं गेलं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

ते टक लावून बघायला लागले. "तुम्ही बोलता? मी तीन वर्षं समजत होतो, तुम्हाला बोलता येत नाही."

मग मी सगळं सांगितलं, पायांचं सुद्धा. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. सपाट होडीचं सांगितलं. वेन्झेल म्हणाला, हंसाचे पंख रंगमंचाच्या होडीवरून काढून तिच्यावर ठोकायला दोन तास पुरेत, फक्त कुणीतरी आधी कांदे काढा. क्रोनाव्हेटर गाडीकडंच बघत होते. तेव्हा इल्दिकोनं तोंडातला घास संपवला.

"साहेब, ह्या गाडीला एक माणूस ढकलतो ना?"

"दोन."

"त्यांना माझा श्वास कळतो का? बुर्गी माझ्या मागे असली की मला वाटतं, पाणीच माझ्याबरोबर गातंय. काल मी आपटले ते चिखलामुळं, तिच्यामुळं नाही. मला ती हवी."

क्रोनाव्हेटर म्हणाले, "उद्या संध्याकाळी सहाला एकदा बघू. होडी बोटभर जरी अडली तर गाडी. मग कुणी माझ्याकडं यायचं नाही."

मी परत जाऊन बुर्गीला सांगितलं तेव्हा तिनं आधी कांदे उचलायला घेतले आणि मग नाक पुसलं. कांद्यांमुळं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नुसतेच पाण्यात चाललो. मी तळ चाचपायचो आणि ती माझा दंड धरून यायची. सरळ रेषेत चिखल गुडघाभर होता. पण डाव्या अंगानं वळसा घेतला तर खाली वाळूची एक घट्ट पट्टी लागत होती. "ही तर बापाची वाट," बुर्गी म्हणाली. "इथूनच तो बोरू आणायचा. विसरलेच होते बघ." मी ती वाट पायांनी तीन वेळा पाठ केली.

सहाला तालीम झाली. होडी कुठं अडली नाही. क्रोनाव्हेटरनी घड्याळाकडं पाहिलं, होडीकडं पाहिलं आणि गाडी उचलायला सांगितली. मग ते म्हणाले, "आता दोर कोण धरणार?" सगळे कोळी गुडघ्यावर बसलेले असतात, त्यातला कुणी उठला तर दिसतो. बुर्गी पाण्यातून म्हणाली, "तुम्हीच घाला की ह्याची कोळ्याची टोपी, डायरेक्टरसाहेब. काम सोपं आहे. हलायचं नाही."

पहिल्या प्रयोगाला काठ भरला होता. आम्ही दोघं बेटाआड बोरूच्या झुपक्यामागं वाकून उभे होतो. सूर्य पाण्याला टेकला. वाद्यं सुरू झाली.

"तळाकडं लक्ष दे," बुर्गी कानात म्हणाली, "आणि नाडीकडं बघ."

मी बघितलं. इल्दिकोच्या पाठीवरची नाडी ताणली गेली, आणि बुर्गीचा खांदा माझ्या खांद्याला लागला. आम्ही ढकललं. नाडी सैल झाली, आवाज निघाला आणि आम्ही थांबलो. होडी स्वतःच्या ओढीनं पुढं जात राहिली. पुन्हा ताणली, पुन्हा ढकललं. "डावीकडं," मी पुटपुटत होतो, "आता घट्ट आहे, आता मऊ, आता घट्ट." सव्वीस वर्षं मी होडीतलं गाणं समोरून ऐकलं होतं आणि छान आहे एवढंच म्हटलं होतं. मागून ऐकल्यावर कळलं, की त्यात जेवढा आवाज आहे तेवढाच श्वास आहे, आणि तो श्वास बुर्गी इतकी वर्षं एकटी ऐकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, हे बरंच झालं.

होडी धक्क्याला लागली. वर कोळ्याची टोपी घातलेले क्रोनाव्हेटर पुतळ्यासारखे उभे होते. बुर्गीनं दोराचं टोक वर केलं आणि हळूच म्हणाली, "साहेब, टोपी उलटी आहे."

डायरेक्टरसाहेबांना चेहरा सांभाळता आला नाही. दोन हजार लोकांनी पाहिलं, की राणीच्या आगमनानं एक म्हातारा कोळी खुशीनं हसत सुटला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचं कौतुक आलं.

त्यानंतर तीन उन्हाळे आम्ही दोघांनी मिळून होडी आणली. मग बुर्गी काठावर बसायला लागली. मी आणखी नऊ उन्हाळे ढकललं, आणि मला येत होतं तेवढं पुढच्या माणसांना शिकवलं. होडी अजून येते. झग्यांना अजून पाठीत नाडी असते. नव्या शिंप्याला ती का, हे ठाऊक नाही, आणि तो विचारतही नाही.

बुर्गी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हे लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. तिनं जर्दाळूंसकट सगळं ऐकलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "आणि आभार कुठं आहेत?"

मी म्हटलं, "तेच तर आहे सगळं."

"मला नव्हे, दगडा. इल्दिकोचे. पाव खाणं सोडून बोलली होती ती बाई."

तिचं बरोबर आहे. इल्दिकोचे आभार, वेन्झेलचे, आणि क्रोनाव्हेटरसाहेबांचेही. पण मला तिचेच मानायचे होते. बोरूच्या झुपक्यामागं खांद्याला खांदा लावून उभा होतो तेव्हाही मला ते बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं आहे.